गाडी तापली की इंजिन बंद पडते? थंड होण्याआधी हे तपासा

सकाळी एका सेलमध्ये सुरू होणारी गाडी बेळगावच्या चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत किंवा चोर्ला घाटाच्या चढावर अचानक बंद पडते. अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशी पुन्हा धावते. गॅरेजात पोहोचेपर्यंत इंजिन निवलेले असते, त्यामुळे तपासणीत सगळे ठीक निघते आणि अंदाजाने पार्ट बदलणे सुरू होते. म्हणून खरी तपासणी बंद पडल्या जागीच करावी. पुढचे इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे.

आधी गाडी कडेला घ्या. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते. उतारावर पेडल सोडून पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल तर भानगड कूलंट, पंखा किंवा थर्मोस्टॅटची. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

काटा मध्यावर असेल, तर गाडी कशी बंद पडली ते आठवा. चावी फिरवल्यासारखी एकदम गेली तर संशय सेन्सर, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) यांवर. गचके देत, पिकअप सोडत गेली तर पेट्रोल कमी पडते आहे. फक्त सिग्नलला, पाय काढल्यावर बंद होत असेल तर इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घ्या, किंवा टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का पाहा.

आता चावी ऑन करा. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद पंपाची घूं येते. आली नाही तर फ्यूज पाहा आणि पंपाचा रिले त्याच नंबरच्या हॉर्नच्या रिलेशी बदलून बघा. मग सेल मारा आणि आरपीएमचा काटा पाहा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलतो. अजिबात हलला नाही, किंवा स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला, तर संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरते आहे हे कळवणाऱ्या सेन्सरवर.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांत हाच गडी वारंवार सापडतो. आतल्या बारीक तारेचे वेटोळे तापून प्रसरण पावते, जोड सुटतो, थंड झाल्यावर पुन्हा चिकटतो. सेन्सरवर ओले फडके ठेवून गाडी लगेच सुरू झाली तर संशय जवळजवळ पक्का. दोन पिनांच्या सेन्सरचा रोध बहुतेक वेळा काहीशे ते दीड हजार ओहम असतो. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर सेन्सर गेला. तीन पिनांच्या हॉल सेन्सरला ओहमची मोजणी निरुपयोगी, तिथे सिग्नलच पाहावा लागतो. स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा दोष-कोड नसला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून जाणारी वायर वितळली आहे का, तेही बघा.

आरपीएम दिसतो तरी सुरू होत नाही, तेव्हा स्पार्क टेस्टर लावा, प्लग हातात धरू नका. स्पार्क असेल तर इंधनाचा दाब मोजा. अनेक गाड्यांत तो ३ ते ४ बार लागतो. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये टाकी तळाला ठेवून फिरवली की थकलेला पंप आधी दम सोडतो.

प्लग काळे आणि पेट्रोलचा वास असेल, तर इंजिनचे तापमान कळवणाऱ्या कूलंट सेन्सरचा रोध मोजा: २० अंशांना सुमारे २ ते ३ किलोओहम, ८०-९० अंशांना २०० ते ३५० ओहम. तापल्यावरही तो किलोओहमच दाखवत राहिला, तर ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजिन थंड समजून जादा पेट्रोल ओतते.