खिडकी पास करण्याआधी मापाची टेप हातात घ्या

भुसावळचा मे महिना अंगावर घेतलेल्या माणसाला काचेचं महत्त्व सांगावं लागत नाही. नव्या इमारतीवर गेलो की मी आधी चटई क्षेत्र बघतो. इको निवास संहिता 2018, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीची नियमावली, उष्ण-कोरड्या विभागात त्याच्या किमान 10 टक्के उघडणारं क्षेत्र खिडक्या-दारांत मागते. 60 चौरस मीटरला 6. बिल्डर चौकटीचं पूर्ण माप लिहितात, खरी गंमत तिथेच! दोन पल्ल्यांची स्लायडिंग निम्मीच धरायची, बिजागरीची 90 टक्के. पश्चिमेचा छज्जाही मोजा, भाऊ. नकाशातला छज्जा साइटवर आखडतो. आरईटीव्ही, म्हणजे छत सोडून भिंती-खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता, 15 वॅट प्रति चौरस मीटरच्या आत हवा, त्याचा हिशेब आर्किटेक्टकडून घ्या, काचेचा एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत येते त्याचं प्रमाण) कंपनीच्या कागदाशी ताडा. कमी भरलं तर लेखी शेरा, तोही प्लास्टरआधी.