हॉटेलच्या ऑडिटला जाताय? या चुका टाळा

पणजी, मडगावच्या सीए ऑफिसातल्या आर्टिकलशिपवाल्या (सीए होण्याआधीचं ट्रेनिंग करणाऱ्या) पोरांना हॉटेलचं ऑडिट मिळालं की सगळे खूश, आणि तिथे जाऊन करतात काय तर अकाउंटंटच्या केबिनमध्ये एसीत बसून तो देईल ते कागद टिक करत सुटतात. अरे, कागद त्याचे, एक्सेल त्याचं, मग तुम्ही तपासलंत काय?

बारचा स्टॉक 31 मार्चला स्वतः उभं राहून मोजा, बारमनची शीट उतरवून घेऊ नका. फोडलेली बाटली पूर्ण धरायची नाही, 750 मिलीत 30 मिलीचे 25 पेग बसतात, काउंटरवर अशा अर्ध्यामुर्ध्या बाटल्या किती असतात ते बघाच एकदा. त्या दिवशी नाहीच जमलं तर नंतर मोजा पण मधली खरेदी वजा, विक्री मिळवून 31 मार्चच्या आकड्यापर्यंत मागे या आणि एक्साइजच्या (अबकारी खात्याच्या) रजिस्टरशी जुळवा, खरी गंमत तिथेच असते. शिवाय दारूला जीएसटी नाही, व्हॅट आहे, त्यामुळे जेवण आणि बिअर एकाच खात्यात ढकललेली असेल तर आधी ते वेगळं काढा.

मासळीचं पेमेंट सगळ्यात जास्त चुकतं. एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये अमान्य होतो, पण मासळीला सूट आहे म्हणून लोक डोळे मिटून पास करतात. ती सूट मासे पकडणाऱ्याला दिलेल्या पैशांना, मार्केटमधल्या व्यापाऱ्याला नाही! आणि हॉटेलवाले बहुतेक व्यापाऱ्याकडूनच घेतात, तेव्हा व्हाउचरवर नाव कोणाचं ते विचारा.

ऑनलाइन बुकिंगमध्ये साइट कमिशन कापून पैसे पाठवते आणि अकाउंटंट बँकेत आले तेवढीच विक्री दाखवतो. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स) मात्र ग्रॉसवर, म्हणजे कमिशनआधीच्या पूर्ण रकमेवर कापलेला असतो, 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्के, 26एएस (कापलेल्या टॅक्सचं इन्कम टॅक्सचं स्टेटमेंट) उघडून उलटा हिशोब केला की फरक लगेच दिसतो. मार्चमध्ये आलेला मे महिन्याच्या बुकिंगचा ॲडव्हान्स उत्पन्नात घुसलाय का तेही तिथेच बघून घ्या.

बँकेचं कन्फर्मेशन (खात्यात किती शिल्लक आहे याचं पत्र) क्लायंटच्या हातून नको, थेट ऑफिसला येऊ दे, पीडीएफ काय कोणीही एडिट करतो. आणि सही झाल्यावर यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख नंबर) 60 दिवसांत काढायचा असतो, सरांना आठवण तुम्हीच करा, ते विसरतात :)