झाडावर नोटीस लागण्याआधी आणि लागल्यानंतर: जुन्या शहरी वृक्षांसाठी हरकत कशी घ्यावी

रस्ता रुंदीकरण, मेट्रो, उड्डाणपूल किंवा मलनिःसारण वाहिनीसाठी महाराष्ट्रातील शहरांत झाड तोडायचे असेल, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार परवानगी घ्यावी लागते, आणि त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन व झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. हरकतीची मुदत 7 दिवसांची असते. हरकतीसाठी लागणारी कागदपत्रे मागवणाऱ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी कार्यालयाला 30 दिवस मिळतात, हे लक्षात घेतले की तयारी नोटिशीच्या आधीच का हवी, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या भागात रुंदीकरणाची नुसती चर्चा सुरू झाली तरी रस्त्यावरील प्रत्येक जुन्या झाडाची नोंद करून ठेवावी. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजावा, जात लिहावी, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा घराचे फाटक दिसेल असे छायाचित्र काढावे आणि महापालिकेच्या वृक्षगणनेतील क्रमांक मिळाल्यास तोही जोडावा. वयाचा पुरावा विशेष महत्त्वाचा आहे. 2021 च्या सुधारणेनुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आहे. म्हणजे कागदावर वय कमी लिहिले गेले, तर झाडाचा दर्जा आणि भरपाई दोन्ही घटतात. शाळेचा जुना सामूहिक फोटो, देवस्थानाचे दप्तर, वाड्याच्या खरेदीखतातील चतुःसीमेत आलेला वडाचा उल्लेख, असे पुरावे मोहल्ल्यात सहसा सापडतात, फक्त ते कोणी मागितलेले नसतात.

नोटीस लागल्यावर तिचे छायाचित्र तारखेसह काढावे आणि जाहिरातीतील झाडांचे क्रमांक प्रत्यक्ष जागेवर पडताळावेत. हरकत उद्यान विभागात किंवा वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी व प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी आश्वासनाला पुढे काहीच किंमत राहत नाही. शंभर सह्यांच्या एका निवेदनापेक्षा दहा जणांनी वेगवेगळ्या मुद्द्यांवर दिलेल्या दहा हरकती माझ्या मते अधिक उपयोगी पडतात, कारण प्रत्येकीला स्वतंत्र उत्तर मागता येते. प्रत्येकाने सुनावणीची मागणी अर्जातच लिहावी.

हरकतीत प्राणवायू, सावली आणि पुढच्या पिढ्या यांवर दोन पाने खर्च करू नयेत. अधिकाऱ्याला त्या गोष्टी ठाऊक असतात आणि त्यांवर त्याला निर्णय देता येत नाही. त्याऐवजी रस्त्याचा आडवा छेद (रस्त्याच्या रुंदीची विभागणी दाखवणारा नकाशा) मागवावा व झाडनिहाय प्रश्न विचारावेत: क्रमांक अमुकचा पिंपळ पदपथात सामावून घेता येतो का, दुभाजक दीड मीटर सरकवला तर चिंचांची रांग वाचते का, वाहिनीचा चर मुळांच्या पट्ट्यात यंत्राऐवजी हाताने खणता येईल का. मेट्रोचे स्थानक हलवणे अवघड असते, परंतु साहित्याचा साठा, कामगारांच्या निवाऱ्याची जागा आणि तात्पुरते वळण यांसाठी जाणारी झाडे वाचवणे तुलनेने सोपे असते. म्हणून कायमच्या बांधकामात येणारी झाडे आणि तात्पुरत्या सोयीसाठी जाणारी झाडे यांची वेगळी यादी आवर्जून मागावी. शंभर झाडांतील साठ वाचत असतील तर त्या साठांसाठी भांडावे. सगळीच वाचली पाहिजेत या आग्रहापायी तीही जातात.

पुनर्रोपणाचा प्रस्ताव आला, तर सावध राहावे. मोठ्या वडाची मुळे व फांद्या छाटून त्याचा बुंधा ट्रकने दुसरीकडे नेला म्हणजे झाड वाचले, असे होत नाही. याच यंत्रणेने पूर्वी हलवलेल्या झाडांपैकी किती आज जिवंत आहेत आणि ती कोठे आहेत, हे विचारून ती जागा स्वतः पाहून यावी. झाडावर बगळ्यांची किंवा पाणकावळ्यांची घरटी असतील, तर वन विभागालाही लेखी कळवावे, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना इजा करणेही येते.

पाच वर्षे वा त्याहून अधिक वयाची 200 किंवा त्याहून जास्त झाडे जात असतील, तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूद 2021 च्या सुधारणेत होती; सध्या ती लागू आहे का, हे तपासून घ्यावे. त्यामुळे एकाच प्रकल्पाचे लहान लहान तुकडे करून प्रस्ताव येत आहेत का, यावर लक्ष ठेवावे. परवानगी मिळालीच, तर दाद मागण्याचा मुख्य मार्ग उच्च न्यायालयाचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या अनुसूचीत हा वृक्ष अधिनियम नाही, म्हणून तेथे जायचे तर पर्यावरण संरक्षण कायद्यासारखा दुसरा आधार दाखवावा लागतो. वकील आधीच ठरवून ठेवावा. मुंबईतील आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 रोजी, शुक्रवारी, याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर 2,185 पैकी 2,141 झाडे पडली होती.

करवत घेऊन माणसे आलीच, तर परवानगीचे पत्र मागावे, त्यातील क्रमांक झाडाशी जुळवावे आणि चित्रीकरण करत 112 वर कळवावे. मजुरांशी हुज्जत घालू नये. ते रोजंदारीवर आलेले असतात आणि निर्णय त्यांचा नसतो. झाड धोकादायक असल्याचे सांगितले गेले, तर तशी पाहणी कोणी व कधी केली, याचा लेखी अहवाल मागावा.

झाड वाचल्यावरही काम सुरू असताना दर आठवड्याला जागेवर चक्कर मारावी. अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते, त्यामुळे बुंध्यालगत ओतलेले काँक्रीट, मुळांवर रचलेली खडी किंवा खोडात ठोकलेले खिळे दिसले, की छायाचित्रासह वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार करून तिचीही पोच घ्यावी.