जन्मवर्षाची वही : एका वर्षातल्या देशाच्या घटना कशा नोंदवाव्यात

घरात कुणाची साठी आली की अभिषेक आणि जेवणावळ ठरलेली. २०२१ साली काकांची साठी आली तेव्हा कोरोनामुळे जेवणावळ बारगळली. मग आम्ही भावंडांनी त्यांच्या जन्मवर्षाची वही करायला घेतली. १९६१ मध्ये देशात काय काय घडलं, ते महिन्यागणिक लिहायचं. दोन संध्याकाळींचं काम वाटलं होतं, त्याला दीड महिना लागला. तुमच्या घरी, शाळेत किंवा गावच्या वाचनालयात असं काही करायचं असेल, तर आमच्या चुका तरी वाचतील म्हणून हे लिहितो.

आधी ‘देश’ ठरवा

पुण्यामुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. आम्हा गोंयकारांना, म्हणजे गोव्याच्या माणसांना, पडतो. २६ जानेवारी १९६१ ला दिल्लीत प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाला ब्रिटनची राणी एलिझाबेथ प्रमुख पाहुणी होती. त्या दिवशी पणजीत पोर्तुगालचं निशाण फडकत होतं. काकांच्या जन्माची नोंदही पोर्तुगीज भाषेत आहे. मग त्यांच्या वर्षातल्या ‘देशाच्या’ घटना कोणत्या? बराच वाद झाला. शेवटी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे भारत, उजवीकडे गोवा. १९ डिसेंबरला गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला, म्हणून ही रेघ १८ डिसेंबरपर्यंतच ओढली.

इतर वर्षांना एवढा खटाटोप नको. १९८७ घेतलंत तर ३० मे या दिवशी गोवा घटक राज्य झाला, ही नोंद देशाची आणि आपलीही. वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर धरायचं की पाडवा ते पाडवा, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. काकांच्या वर्षाचा जानेवारी शके १८८२ मध्ये पडतो आणि मे १८८३ मध्ये.

वही

शंभरपानी वही पुरते. प्रत्येक महिन्याला सारखी पानं सोडू नका. आमचा फेब्रुवारी कोरा राहिला आणि डिसेंबरला कागद चिकटवावे लागले. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून घेतली हे लिहा. पहिला हात पेन्सिलीचाच असू द्या.

मोठे खांब आधी रोवा

ज्या तारखांबद्दल वाद नाही त्या आधी मांडा. आमचे खांब असे होते : ७ मार्चला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत गेले. मे महिन्यात रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी झाली. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि पुण्यात पूर आला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बेलग्रेडमध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिला नेहरू हजर होते. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून पोर्तुगिजांनी ‘साबरमती’ जहाजावर गोळ्या झाडल्या. मग डिसेंबर. खांब उभे राहिले की मधल्या जागा आपोआप दिसू लागतात.

कोणती तारीख खरी?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा. पहिल्या खर्ड्यात मी पानशेत १३ जुलैला लिहिलं होतं, कारण बातमी १३ तारखेच्या अंकात होती. धरण आदल्या दिवशी सकाळीच फुटलं होतं, हे मोठ्या बहिणीने दाखवलं आणि वर्षभर चिडवलं. त्या काळच्या सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी बहुतेक आदल्या दिवसाची असते, हे डोक्यात पक्कं बसवा.

कायद्यांचं आणखी कठीण. संसदेत मंजुरी एका दिवशी, राष्ट्रपतींची सही दुसऱ्या आणि अंमल तिसऱ्याच. हुंडाबंदीचा कायदा मे १९६१ चा, लागू झाला १ जुलैपासून. त्या वर्षीच्या प्राप्तिकर कायद्याच्या नावातच १९६१ आहे, पण तो लागू झाला १ एप्रिल १९६२ पासून. दादरा नगर हवेलीतून पोर्तुगीज १९५४ मध्येच गेले, तरी राज्यघटनेच्या हिशेबाने तो प्रदेश भारतात आला ११ ऑगस्ट १९६१ ला. ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली ४ मार्चला, तीही बेलफास्टमध्ये. मुंबईला पोचली ३ नोव्हेंबरला.

आपली स्वतःची तारीखही यातून सुटत नाही. गोवा सोडवण्यासाठीच्या भारतीय सैन्याच्या ‘ऑपरेशन विजय’ची चढाई सुरू झाली १७ डिसेंबरच्या रात्री. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती दिली १९ ला. आणि बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा संघप्रदेश म्हणून घटनेत आला तो २० डिसेंबरपासून, जरी ती दुरुस्ती मंजूर झाली १९६२ मध्ये. त्यामुळे प्रत्येक तारखेपुढे एक शब्द जोडा : घडलं, छापलं, मंजूर, लागू. एवढ्याने निम्मे घोळ मिटतात.

अंक कुठे पाहावेत

पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची परंपरा असलेली ही संस्था. जुन्या नियतकालिकांची चौकशी तिथून सुरू करावी. जाताना महिना आणि तारखांची यादी घेऊन जा. ‘१९६१ चं काहीतरी द्या’ म्हटलं तर देणाराही गोंधळतो. फोटो काढण्याआधी विचारा. १९६१ साठी एक अडचण लक्षात ठेवा. गोव्यात निघणाऱ्या पत्रांवर पोर्तुगीज सेन्सॉर होता. ‘ओ हेराल्दो’ तेव्हा पोर्तुगीज भाषेत निघत असे. त्यामुळे एकच घटना गोव्यातल्या पत्रात आणि मुंबईच्या पत्रात वेगळी दिसते, कधी एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते. दोन्ही लिहा. जिथे नव्हती तिथे ‘नाही’ असं लिहा. तीही नोंदच आहे.

म्हाताऱ्यांना विचारताना

‘१८ डिसेंबरला तुम्ही कुठे होता’ असं विचारलंत तर मान हलते, बाकी काही हाती लागत नाही. तारखेने नको, सणाने विचारा. आमच्या आजीने सांगितलं, ‘गोंयच्या सायबाचं फेस्त होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा विमानं आली.’ गोंयचो सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, त्यांचं फेस्त (सण) ३ डिसेंबरला. हिशेब चोख लागला. दाबोळीवर आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर विमानं आली ती १८ लाच. लईराईची जत्रा, शिगमो, चवथ, भातकापणी या खुणांवर माणसं वर्ष लक्षात ठेवतात. रेडिओबद्दलही विचारा. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून सरहद्दीपलीकडच्या जंगलातून चालवलेला ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ चोरून ऐकणारी घरं होती, आणि भारतातल्या कितीतरी बातम्या इथे त्या वाटेने पोचल्या. आठवण वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे छापील नोंदीत मिसळणार नाही.

गाळणी

सगळं जमलं की निम्मं काढायचं असतं, आणि हात चालत नाही. आम्ही सिनेमे गाळले, परदेशी घडामोडी गाळल्या. गागारीनचं अंतराळ उड्डाण गाळताना भाच्याने तोंड पाडलं. मग गागारीन वर्षअखेरीला भारतात आला होता, या सबबीवर त्याला एक ओळ दिली. गाळण्याचे नियम सैल असलेले बरे.

वर्षाच्या काठावर पडणाऱ्या घटनांचं काय करावं, ते आम्हाला काकांनीच शिकवलं. इंग्लंडविरुद्धची कलकत्त्याची कसोटी ३० डिसेंबर १९६१ ला सुरू झाली आणि भारताने ती ४ जानेवारी १९६२ ला जिंकली. आम्ही ‘सुरू’ एवढंच लिहून थांबलो होतो. काकांनी वही उघडली, सरळ शेवटचं पान काढलं आणि पेन मागितलं. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतः निकाल लिहिला : १८७ धावांनी.