परदेशात राहताना विजेवरची गाडी लीजवर घ्यावी का : निर्णय कसा करावा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून गेल्या काही वर्षांत जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांशी बोलताना एक प्रश्न वारंवार निघतो : मुलगा विजेवरची गाडी लीजवर घेतो म्हणतो, पण तीन वर्षे पैसे भरूनही गाडी आपली होणार नसेल तर ती घ्यायची कशाला? मी स्वतः सहा वर्षे जर्मनीत राहून परत आलो आहे आणि तिथे अशी एक गाडी वापरली आहे, म्हणून हे लिहीत आहे. लीज म्हणजे काय, हे आपल्याकडे फार समजावून सांगावे लागत नाही. पाडव्याला वावर मक्त्याने घेणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते की पीक येवो अथवा न येवो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते, जमीन मालकाचीच राहते आणि मुदत संपली की ती सोडावी लागते. गाडीचा करारही तसाच आहे, मात्र त्याची मुदत बहुधा दोन ते चार वर्षांची असते. त्यामुळे हप्ता किती, हे विचारण्याआधी मुदत किती, हे विचारावे.

आपला व्हिसा किंवा निवास परवाना कोणत्या तारखेपर्यंत आहे, नोकरीचा परिवीक्षाकाळ संपला आहे का आणि पुढच्या तीन वर्षांत शहर बदलण्याची किंवा कायमचे गावी परतण्याची शक्यता किती आहे, हे कागदावर लिहून काढावे. जर्मनीत परिवीक्षाकाळ सहसा सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात लीज मिळणे अवघड जाते, कारण कंपनी पगाराच्या पावत्या आणि शुफा या संस्थेकडची पत-नोंद पाहते. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी साधारणतः जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, पण लीजचा करार तेवढ्याने संपत नाही. मधेच करार सोडायचा झाल्यास उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग मागितला जाऊ शकतो. काही कंपन्या करार दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही देत नाहीत. हे कलम सही करण्याआधी शोधून वाचावे, आणि ते सापडले नाही तर कंपनीकडून लेखी उत्तर मागावे. परवान्याची मुदत कराराच्या आधीच संपत असेल आणि तो वाढण्याची खात्री नसेल, तर माझ्या मते लीज घेऊ नये. जर्मनीत नव्याने गेलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे की भारतीय वाहन परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो आणि त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

मुदतीचा प्रश्न सुटला की पैशांचा हिशेब करावा, आणि तो जाहिरातीतल्या हप्त्यावरून करू नये. समजा, हप्ता 300 युरो आहे, मुदत 36 महिन्यांची आहे, सुरुवातीला एकरकमी 3,600 युरो आणि गाडी पोहोचवण्याचे 1,000 युरो द्यायचे आहेत. एकूण रक्कम 15,400 युरो होते, म्हणजे महिन्याला सुमारे 428 युरो. करारात वर्षाला 10,000 किलोमीटर धरले असतील, तर वीज आणि विमा सोडूनच दर किलोमीटरला अर्धा युरो पडतो. लीजच्या गाडीला बहुतेक कंपन्या सर्वसमावेशक विमा सक्तीचा करतात आणि तिथे नव्याने गाडी चालवू लागलेल्या माणसाला तो महाग पडतो, त्यामुळे विम्याचा आकडा आधी काढून मगच बेरीज करावी. सुरुवातीची एकरकमी रक्कम शक्यतो टाळावी, कारण गाडी अपघातात निकामी झाली किंवा चोरीला गेली तर ती परत मिळेलच असे नसते.

मग लीज घ्यावीच कशाला? विजेवरच्या गाडीच्या बाबतीत याला एक खरे आणि वजनदार उत्तर आहे. लीज देणारी कंपनी तीन वर्षांनी गाडीची किंमत किती उरेल याचा अंदाज बांधते आणि किमतीतली ही घट व व्याज मिळून हप्ता ठरवते. जानेवारी 2023 मध्ये टेस्लाने अमेरिका आणि युरोपात नव्या गाड्यांच्या किमती एकदम कमी केल्या, तेव्हा आधी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गाड्यांची पुनर्विक्रीची किंमतही घसरली. ज्यांनी गाडी विकत घेतली होती, त्यांना तो फटका स्वतः सोसावा लागला. किलोमीटरवर आधारित लीज (ज्यात किमतीच्या घसरणीची जोखीम कंपनीची असते) असलेल्यांना मात्र गाडी परत देऊन मोकळे होता येत होते. जर्मनीत दुसऱ्या प्रकारचा, शिल्लक किमतीवर आधारलेला करारही असतो, त्यात अंदाज चुकला तर फरक ग्राहकाकडून वसूल होतो. हा प्रकार घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगतो. मात्र याच घसरणीचा फायदा जुनी गाडी घेणाऱ्यालाही होतो, कारण बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते आणि तीन वर्षांची गाडी विकत घेतली तरी हमीची पाच वर्षे उरतात. जो पाच-सहा वर्षे तिथेच राहणार आहे, त्याने लीजबरोबर या पर्यायाचाही भाव काढावा.

यानंतर, गाडी रात्री कुठे चार्ज होणार, हे पाहावे. आपल्याकडे अंगणात वायर ओढून घेता येते, पण तिथे बहुतेक जण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि गाडी रस्त्यावर किंवा सामायिक तळघरात उभी असते. जर्मनीत डिसेंबर 2020 पासून भाडेकरूला स्वखर्चाने चार्जर बसवण्याची परवानगी मागण्याचा हक्क आहे; पण स्वतःची ठरलेली पार्किंगची जागाच नसेल तर त्या हक्काचा उपयोग होत नाही, आणि घर बदलल्यावर तो खर्च मागेच राहतो. खर्चातला फरक मोठा आहे. गाडीला 100 किलोमीटरला सुमारे 18 युनिट वीज लागते असे धरले आणि घरची वीज 38 सेंट युनिट असली, तर 7 युरोपेक्षा थोडा कमी खर्च येतो. महामार्गावरच्या जलद चार्जरवर 65 सेंटचा दर लागला, तर तेच अंतर जवळपास 12 युरोला पडते. म्हणजे घरी किंवा कार्यालयात चार्जिंग नसेल, तर पेट्रोलच्या तुलनेत होणारी बचत जवळजवळ नाहीशी होते. अशा माणसाने लीजचा हट्ट धरू नये. त्याला रेल्वेचा पास आणि गरजेपुरती भाड्याची गाडी अधिक परवडते.

किलोमीटर ठरवताना कामावर जाण्यायेण्याचे अंतर कामाच्या दिवसांनी गुणावे आणि त्यात सुट्टीतल्या प्रवासाचे अंतर मिळवावे. मर्यादेपेक्षा जास्त चालल्यास दर किलोमीटरला दंड लागतो. अमेरिकेत तो मैलाला सहसा 15 ते 30 सेंट असतो. आपल्या यवतमाळचा मे महिना अनुभवलेल्या माणसाला थंडीचा हिशेब सुचत नाही, पण कडक हिवाळ्यात गाडीचा पल्ला पाव हिश्श्याने कमी होणे नेहमीचे आहे, म्हणून कागदावर 400 किलोमीटर लिहिले असेल तर 300 धरून चालावे.

करसवलतींच्या बाबतीत जुन्या सल्ल्यावर विसंबू नये. अमेरिकेतली 7,500 डॉलरची सवलत लीजच्या गाडीला सहज मिळत असे आणि कंपन्या ती हप्त्यात उतरवत. 30 सप्टेंबर 2025 नंतर घेतलेल्या गाड्यांना ती मिळत नाही. इंग्लंडमध्ये नोकरीवरच्या योजनेतून पगारातून हप्ता कापला जातो आणि त्यावरचा कर कमी असतो. तशी योजना असेल तर ती आधी पाहावी, मात्र नोकरी सोडल्यास काय होते, ते कलम तिथेही वाचावे.

गाडी परत करताना माझ्याकडून चाकाच्या कडेवरच्या ओरखड्यांचे पैसे घेतले गेले, आणि ते ओरखडे आधीपासूनचे होते हे सिद्ध करायला माझ्याजवळ फोटो नव्हते. म्हणून गाडी ताब्यात घेताना आणि देताना, दोन्ही वेळा चारही बाजूंचे, चाकांचे, आतल्या आसनांचे आणि चार्जिंगच्या केबलीचे फोटो काढावेत आणि परतीच्या अहवालावर वाचल्याशिवाय सही करू नये. कायमचे गावी परतायचे असेल, तर गाडी परत करण्याची तारीख आणि विमानाचे तिकीट यांच्यात निदान चार आठवडे ठेवावेत आणि अंतिम हिशेबाचे पत्र येईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नये.