रनिंग स्टार्टला जाण्याआधी खर्चाची वही काढा

सिएटल-बेलव्ह्यू भागातल्या मराठी घरांत मूल दहावीला आलं की रनिंग स्टार्टचा विषय निघतोच. वॉशिंग्टन राज्याने 1990 साली कायदा करून ही सोय सुरू केली. अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) शिकतात आणि ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, सरकार भरतं. पण फक्त ट्यूशन. बाकीच्याची तयारी एप्रिल-मेमध्येच करा.

आधी शाळेच्या काउन्सेलरची वेळ घ्या. शाळेने सही करायचा व्हेरिफिकेशन फॉर्म दर क्वार्टरला, म्हणजे कॉलेजच्या दर सत्राला, नव्याने लागतो. शाळा आणि कॉलेज मिळून किती विषय घेता येतील याला मर्यादा आहे. त्यावरच्या क्रेडिटची (विषय मोजायच्या एककांची) ट्यूशन तुमच्या माथी. हौसेने घेतलेल्या एका जादा विषयाचं बिल असंच येतं. शंभरपेक्षा कमी क्रमांकाचे पायाभूत विषयही या सवलतीत बसत नाहीत.

मग पुस्तकं. खरा खड्डा इथे पडतो. जुनं किंवा भाड्याचं पुस्तक मिळतं हो, पण गृहपाठाचा ऑनलाइन ॲक्सेस कोड एकदाच वापरता येतो, तो नवाच घ्यावा लागतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या बुकस्टोअरच्या यादीत प्रत्येक विषयापुढे काय लिहिलंय ते बघा. एकच विषय तीन प्राध्यापक शिकवत असतील तर एखाद्याचं पुस्तक फुकट ऑनलाइन असतं. लॅब फी आणि इतर शुल्कं वेगळी. उत्पन्न कमी असेल, मूल शाळेत सवलतीच्या जेवणाला पात्र असेल, तर फीमाफीचा अर्ज लाजून टाळू नका.

प्रवासाचं सोपं आहे: 2022 पासून 18 वर्षांपर्यंतच्यांना बस फुकट. गाडीच हवी तर पार्किंगचे पैसे धरा.

आता ज्याची किंमत बिलावर दिसत नाही ते. इथले ग्रेड म्हणजे कॉलेजचे ग्रेड, ते कायम राहतात. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर मेडिकलच्या अर्जात शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे विषयही दाखवावे लागतात. सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत मिळालेला सी तेव्हा पुन्हा समोर येतो. माझ्या मते पहिल्या क्वार्टरला एक-दोनच विषय पुरेत. पुढे कुठे जायचंय त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे क्रेडिट धरतात का, तेही पाहा. बरीच खासगी विद्यापीठं शाळेच्या डिप्लोमासाठी मोजलेला विषय पुन्हा मोजत नाहीत.

शेवटी एक कागद. कॉलेजात नाव घातलं की मूल अल्पवयीन असलं तरी नोंदींचा हक्क त्याचा होतो, म्हणून तुमच्या फोनला कॉलेज माहिती देईलच असं नाही. मुलाकडून संमतिपत्र सही करून घ्या. फीच्या सूचना त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर येतात, तेव्हा फी भरायची आणि विषय सोडायची शेवटची तारीख दोघांच्याही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.