इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचा अभ्यास : एका नाटकाचा माग काढून

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी सांभाळून इंग्रजी विषयात एम. ए. करणारे पुष्कळ जण साहित्येतिहासाचा जाडजूड ग्रंथ उघडतात आणि १०६६ पासून कालखंडांची यादी पाठ करू लागतात. अशी यादी परीक्षेपुरती टिकते. एका कालखंडाची अभिरुची पुढच्याला का पटली नाही, हे मात्र तीतून कळत नाही. त्याऐवजी एकच कलाकृती निवडावी आणि निरनिराळ्या पिढ्यांनी तिचे काय केले, याचा माग काढावा. या कामाला शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ हे नाटक फार सोयीचे आहे. शिवाय कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मुळे (१९७०) मुलांच्या दारी अपमानित होणारा म्हातारा बाप मराठी वाचकाला परका नाही.

प्रथम गाईड बाजूला ठेवून, तळटिपा असलेल्या आवृत्तीतून नाटक सलग वाचावे. आंतरजालावर मूळ संहिता फुकट मिळते, पण टिपांवाचून चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी वाचणे म्हणजे उगाच दमणे आहे. मग एक वही करावी : डाव्या पानावर सन आणि घटना, उजव्या पानावर त्या वेळी नाटकात झालेला बदल. ठाणे-पनवेल गाडीत उभ्याने संहिता वाचण्याचा हट्ट धरू नये. त्या वेळात ही वही चाळावी.

वहीतली पहिली नोंद १६०६ ची असेल. त्या वर्षी २६ डिसेंबरला हे नाटक राजा पहिला जेम्स याच्यासमोर झाले. पुढे ते १६०८ मध्ये स्वतंत्रपणे आणि १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात छापले गेले. मात्र या दोन संहिता एकसारख्या नाहीत. वेडाच्या भरात लिअर आपल्या मुलींवर खटला चालवतो, तो प्रसंग फक्त पहिलीत आहे. उलट, मेलेल्या धाकट्या मुलीच्या, कॉर्डेलियाच्या, ओठांकडे पाहा, असे म्हणत लिअर प्राण सोडतो, त्या ओळी फक्त दुसरीत आहेत. शेवटचे भाषणही पहिलीत लिअरचा जावई अल्बनी याच्या, तर दुसरीत तरुण सरदार एडगर याच्या तोंडी आहे. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचावेत. ती मुलगी जिवंत आहे या भ्रमात बाप मेला की नाही, हा प्रश्न एका संहितेत ठळक होतो आणि दुसरीत जवळजवळ उरत नाही. संहिताचिकित्सा, म्हणजे निरनिराळ्या छापील पाठांची तुलना, ही रटाळ पंडिती आहे, हा समज एवढ्याने दूर व्हावा. १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने तर ही दोन नाटके मानून दोन्ही वेगवेगळी छापली.

पुढची नोंद अधिक बोलकी आहे. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या तोंडावर, १६४२ मध्ये, नाट्यगृहे बंद झाली आणि १६६० मध्ये राजसत्तेबरोबर परत आली. १६८१ मध्ये नाहुम टेट या कवी-नाटककाराने नाटक नव्याने लिहिले : विदूषक काढून टाकला, कॉर्डेलियाला जिवंत ठेवून एडगरशी तिचे लग्न लावले आणि लिअरला गादी परत दिली. आज हे हास्यास्पद वाटते, पण हसून पुढे जाऊ नये. सज्जनांना न्याय मिळालाच पाहिजे ही त्या काळाची अपेक्षा होती, आणि राजाचे पुनरागमन ही प्रेक्षकांच्या आठवणीतली ताजी घटना होती. समीक्षक सॅम्युअल जॉन्सननेही शेक्सपिअरच्या १७६५ च्या आपल्या आवृत्तीत कबूल केले आहे की, कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादनाची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचणे त्याला सोसले नाही. नियम आणि नीतीचा आग्रह धरणाऱ्या नवअभिजाततावादाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा कबुलीजबाब वाचावा.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाल्यानंतर त्याच्या हयातीत, म्हणजे १८२० पर्यंत, हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर येऊ शकले नाही. त्याच सुमारास निबंधकार चार्ल्स लॅम्ब लिहीत होता की लिअर रंगमंचावर मावतच नाही. नाटक पाहण्यापेक्षा मनात घडवावे, ही स्वच्छंदतावादी, म्हणजे कल्पनाशक्तीला अग्रस्थान देणारी, भूमिका येथे हाती लागते. १८३८ मध्ये नट मॅक्रेडीने मूळ शोकान्त आणि विदूषक दोन्ही परत आणले.

मराठी बाजूसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (स्थापना १८९३) जुन्या भाषांतरांची चौकशी करावी. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे ‘हॅम्लेट’चे आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर आहे. तुलनात्मक साहित्याच्या प्रश्नपत्रिकेला ही सामग्री उपयोगी पडते.

एका नाटकाने सगळा इतिहास भरून निघत नाही. कादंबरी त्यात येत नाही, भावकविताही नाही; म्हणून वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा १७९८ चा काव्यसंग्रह ‘लिरिकल बॅलड्स’ आणि व्हिक्टोरियन काळातली एखादी कादंबरी यांच्यासाठी हीच वही पुढे चालवावी. उत्तर लिहिताना कालखंडाच्या लक्षणांनी सुरुवात न करता टेटच्या बदललेल्या शेवटासारखा एक नेमका दाखला आधी द्यावा, आणि लक्षणे त्यातून काढून दाखवावीत.